गव्हर्नरला घातलेली माळ

लोकांच्या बॉयलरमध्ये डोकं घालून मी आयुष्यभर पोट भरलं. यात अतिशयोक्ती काही नाही. बॉयलर थंड झाला की झाकण उघडायचं, विजेरी घेऊन आत शिरायचं, पत्र्याला कुठे चीर गेली आहे, कुठे गंज धरलाय ते बोटांनी चाचपायचं आणि बाहेर यायचं. बाहेर येईस्तोवर तोंड काळं झालेलं असायचं, आणि समोर मालक उभा असायचा, दहावीचा निकाल लागायचा असल्यासारखा. मी होय म्हटलं की वाफ सुरू, नाही म्हटलं की काम ठप्प. सांगलीकडच्या साखर कारखान्यातल्या एका बॉयलर अटेंडंटची मुलगी ड्रेस्डेनला शिकायला येते काय आणि धिप्पाड जर्मन मालकांना दटावायच्या नोकरीला लागते काय, माझ्या वडिलांना याचं शेवटपर्यंत नवल वाटत राहिलं. खरं सांगायचं तर मलाही वाटतं.

आता मी निवृत्त आहे. या अंकाच्या संपादकबाईंचा फोन आला, "तुमच्या कामातल्या गमतीजमती लिहा ना." लिहायला बसले, तर गमती आठवेनात. आठवले ते धक्केच. माणूस वाफेशी काय काय खेळ करतो हे बघून मी इतक्या वेळा गार पडले आहे की त्यातलं एखाददुसरंच सांगता येईल. शेवटचा धक्का तर अजून पचलेला नाही, आणि खरं म्हणजे तोच सांगायचा आहे.

पण त्याआधी आमच्या धंद्याच्या मूळपुरुषाबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. हा मूळपुरुष स्कॉटलंडचा. त्याचं नाव मी घेत नाही, तुमच्या घरातल्या प्रत्येक बल्बवर ते लिहिलेलं असतं. शाळेत आपल्याला सांगितलं की लहानपणी त्यानं किटलीचं झाकण थडथडताना पाहिलं आणि वाफेचं इंजिन शोधून काढलं. साफ थाप आहे. वाफेची इंजिनं त्याच्या आधीपासून खाणींतलं पाणी उपसत होती. हा गडी ग्लासगोच्या विद्यापीठात उपकरणं दुरुस्त करायचा. तिथे त्याच्याकडे अशाच एका जुन्या इंजिनाचं मॉडेल दुरुस्तीला आलं. दुरुस्त झालं तरी ते दोनचार झटके देऊन बसायचं. का, तर एकच सिलिंडर आधी वाफेनं तापायचा, मग त्यातच पाणी फवारून वाफ निववायची, की परत तापवा. म्हणजे प्रत्येक पोळी झाली की तवा नळाखाली धरायचा आणि पुन्हा गॅसवर ठेवायचा. सगळा जाळ तवा तापवण्यातच जाणार. यानं वाफ निववायचं भांडंच वेगळं काढलं. सिलिंडर कायम गरम, ते भांडं कायम गार. एवढीशी गोष्ट, पण आधीच्या कोणाला सुचली नव्हती, आणि तिच्यावर पुढे गिरण्या उभ्या राहिल्या.

त्याच्याबद्दल आणखी एक गोष्ट आहे, ती मात्र शाळेत कोणी सांगत नाही. हा माणूस जास्त दाबाच्या वाफेला घाबरायचा. त्या काळचे पत्रे आणि रिव्हेट यांवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. दुसरे म्हणायचे दाब वाढवू, हा नको म्हणायचा. पुढे जगानं त्याचं ऐकलं नाही, तेही बरंच झालं म्हणा. पण मला तो आवडतो तो त्याच्या भित्रेपणासाठी. नोकरीत मला न घाबरणारी माणसंच फार भेटली.

त्यातला एक होता नर्सरीवाला. जमिनीतली कीड मारायला हे लोक मातीत वाफ सोडतात, त्यासाठी त्याच्याकडे एक छोटा बॉयलर होता. मी गेले, आणि बघते तर सेफ्टी व्हॉल्व्हला तारेनं वीट बांधलेली. व्हॉल्व्हचं काम एवढंच असतं की दाब वाढला की उघडायचं आणि वाफ बाहेर सोडायची. तो उघडला नाही तर पुढे बॉयलरच उघडतो, आणि मग आजूबाजूला सांगायला कोणी उरत नाही. वीट नुसती बांधलेली नव्हती. स्वच्छ धुऊन, सुती फडक्यात गुंडाळून बांधली होती, व्हॉल्व्हला ओरखडा पडू नये म्हणून. मी बोटानं नुसती ती वीट दाखवली.

"आल्झो, फ्राऊ योशी," तो शांतपणे म्हणाला. आल्झो म्हणजे 'त्याचं असं', फ्राऊ म्हणजे बाई, आणि इथे जोशीचं योशी होतं, मी सुधारणं केव्हाच सोडून दिलं आहे. "रविवारी तो व्हॉल्व्ह शिट्टी वाजवायचा. शेजाऱ्यांनी तक्रार केली. रविवारी रूहेत्साइट असते."

रूहेत्साइट म्हणजे शांततेची वेळ. त्या वेळात इथे गवत कापत नाहीत, भिंतीत खिळा ठोकत नाहीत. शेजाऱ्यांची झोपमोड होऊ नये म्हणून या सज्जनानं त्यांना घरादारासकट उडवायची व्यवस्था केली होती. मी जागच्या जागी बॉयलर बंद केला. तो रागावला नाही. "पण मग शिट्टीचं काय करायचं?" असं मात्र त्यानं अगदी मनापासून विचारलं.

दुसरा धक्का एका दूधडेअरीतला. बॉयलर फुटतो हे सगळ्यांना माहीत असतं. वाफेनं भांडं आतल्या आत चेपतं, हे मी सांगितलं तर लोक माझ्याकडे संशयानं बघतात. डेअरीत दुधाची मोठी टाकी होती, चांगली दोन मजली. ती धुताना आत वाफ सोडायची आणि मग गार पाणी. टाकीच्या माथ्यावर हवा आत यायला एक नळी होती. आदल्या दिवशी रंगारी आले होते. जर्मन रंगारी, कामात एकदम चोख. नळीवर रंगाचा थेंब उडू नये म्हणून त्यांनी तिचं तोंड प्लास्टिकनं बंद करून वर चिकटपट्टी मारली होती. सुट्टीची वेळ झाली, पट्टी तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी आत वाफ सोडली, मग गार पाणी सोडलं, आणि वाफेचं एका क्षणात पाणी झालं. आत काही उरलंच नाही. बाहेरची हवा दाबायला टपलेलीच असते. मी आवारात उभी होते. माझ्या डोळ्यांदेखत ती दोन मजली टाकी एखाद्यानं रिकामा डबा मुठीत चुरगळावा तशी चुरगळली. आवाज झाला तो एक दीर्घ कण्हल्यासारखा. शेजारी उभा असलेला मॅनेजर कितीतरी वेळ "पण ती रिकामी होती, पण ती रिकामी होती" एवढंच म्हणत राहिला. रिकामी होती म्हणूनच, हे त्याला तेव्हा कोण समजावणार. स्कॉटलंडच्या त्या भित्र्या माणसानं याच ताकदीला त्या वेगळ्या भांड्यात कोंडून कामाला लावलं होतं.

असं सगळं बघून बघून मी निबर झाले होते. आता आपल्याला काही नवीन बघायचं राहिलं नाही, अशी माझी समजूत झाली होती.

ड्रेस्डेनहून गाडीनं तासाभरावर एक जुनी सूतगिरणी आहे. बर्लिनची भिंत पडल्यावर पूर्वेकडच्या गिरण्या पटापट बंद पडल्या, त्यात तीही गेली. तिथे हेर, म्हणजे श्रीयुत, लिंडनर नावाचे फिटर होते. भंगारवाले गिरणीचं वाफेचं इंजिन न्यायला आले तेव्हा हे दाराच्या मधोमध खुर्ची टाकून बसले, आणि ट्रक परत जाईपर्यंत उठले नाहीत. मग गावातल्या जुन्या कामगारांनी एक फेराइन काढली, म्हणजे आपल्याकडे मंडळ असतं तसं, आणि इंजिन दुरुस्त करून लोकांना दाखवायला सुरुवात केली. त्यांच्या बॉयलरची आणि इंजिनाची तपासणी वर्षानुवर्षं माझ्याकडे होती.

इंजिन देखणं आहे. गर्द हिरव्या रंगाचं, आडवं, खोलीभर लांब, आणि फ्लायव्हील माणसाच्या दुप्पट उंच. बाजूला उभा असतो तो गव्हर्नर. एका उभ्या दांडीला दोन हात, आणि हातांच्या टोकांना लोखंडी गोळे. इंजिन जोरात फिरायला लागलं की गोळे बाहेर फेकले जाऊन वर उचलले जातात, परकर घालून मुलीनं गिरकी घेतली की घेर उठतो तसे. गोळे वर गेले की दांडीवरची एक कडी सरकते आणि वाफेची झडप मिटायला लागते. वेग उतरला की गोळे खाली येतात, झडप उघडते. कोणी हात लावायला नको, यंत्र आपलं आपण आवरतं. ही युक्ती मुळात पवनचक्क्यांतली. आमच्या मूळपुरुषानं ती वाफेच्या इंजिनाला जोडली, आणि तेव्हापासून इंजिन सूत कातता येईल इतकं शांत चालू लागलं. गव्हर्नर अडकला तर काय होतं, ते सांगते. झडप उघडीच राहते, इंजिन वाढत्या वेगानं फिरत सुटतं, आणि शेवटी फ्लायव्हीलचे तुकडे होऊन छपरातून बाहेर जातात. वाटेत भिंत असो की माणूस.

त्यामुळे लिंडनरांचा नियम कडक होता. त्यांच्या मशीनजवळ सुटं, लोंबतं काही म्हणून न्यायचं नाही. ओढणी नाही, पर्सचा पट्टा नाही. एकदा त्यांनी माझ्या गळ्यातला स्कार्फ काढायला लावला होता. परीक्षा घ्यायला गेलेली मी, आणि दारात स्कार्फ घडी करून देतेय. मशीनबद्दल ते नेहमी "ती" म्हणत. जर्मनमध्ये तसंच म्हणतात, पण त्यांच्या तोंडून ते वेगळं ऐकू यायचं.

गेल्या काही वर्षांत ते ऐंशीला टेकले होते. आम्ट, म्हणजे इथलं सरकारी कार्यालय, त्यांना मशीन चालवू द्यायला कांकूं करत होतं. मी निवृत्त होता होता त्यांच्यासाठी शब्द टाकला. परवानगी मिळाली, पण अट अशी की एक जरी चूक झाली तरी परत कधीही हात लावायचा नाही. त्यांची बायको केव्हाच गेलेली, मुलगा दूर कोलोनला. शनिवारी मशीन चालवायचं आणि उरलेला आठवडा तिला पुसायचं, एवढंच त्यांचं आयुष्य होतं. ती अट त्यांना वाचून दाखवली तेव्हा ते हसले. "गेनाऊ," म्हणाले, "बरोबर आहे."

आता आमच्या मंडळाकडे येते. ड्रेस्डेनला मराठी मंडळी पुष्कळ आहेत, बरीचशी चिप बनवायच्या कारखान्यांत. एका खंडेनवमीच्या आधी माझ्या यजमानांच्या, श्रीकांतांच्या, डोक्यात आलं की यंदा सगळ्यांनी मिळून यंत्राची पूजा करायची. पण करणार कुठल्या यंत्राची? यांची यंत्रं धूळ नसलेल्या बंद खोल्यांत. तिथे हळदकुंकू नेलं तर त्याच दिवशी घरी बसावं लागेल. "अगं, तुझं ते गिरणीतलं इंजिन आहे ना," श्रीकांत म्हणाले. "खरं लोखंडी यंत्र. तेल, वाफ, सगळं आहे. त्या लिंडनरांना विचार की."

मी विचारलं. त्यांनी विचारलं, "पूजा म्हणजे नक्की काय करणार?"

"वर्षभर काम केलं म्हणून तिचे आभार मानणार."

'आभार' हा शब्द त्यांनी स्वतःशी एकदा म्हणून पाहिला. मग म्हणाले, "या. जरूर या."

आता इथेच खरी मेख आहे. आपल्याकडे खंडेनवमीला यंत्र पुसतात, पूजतात आणि त्या दिवशी चालवत नाहीत. माझे वडील त्या दिवशी साधा पानासुद्धा उचलू द्यायचे नाहीत. हत्यारांचा विसाव्याचा दिवस तो. आमच्यापैकी प्रत्येकाला हे इतकं ठाऊक होतं की लिंडनरांना ते सांगावं असं एकाच्याही मनात आलं नाही. उलट जर्मन माणसाच्या दृष्टीनं पाहुणे इतक्या लांबून मशीन बघायला आले, तर ते चालवून दाखवायचं हे सांगायला लागतच नाही. फेराइनच्या लोकांनी आमच्यासाठी सकाळपासून बॉयलर पेटवून ठेवला होता. तो तेलावर चालतो, धूर दिसत नाही, आणि अंगणापलीकडच्या इमारतीत आहे. आम्हाला पत्ताच नाही.

पूजा छान झाली म्हणे. मी तेव्हा मागच्या कँटीनमध्ये शिऱ्याचं पातेलं गरम करत होते. झेंडूची फुलं श्रीकांतांनी बागेच्या दुकानातून आणून स्वतः ओवली होती. दोरा सारखा तुटायला लागला म्हणून त्यांनी मासे धरायच्या गळाची नायलॉनची दोरी वापरली. माळ झाली लांबलचक. मशीनला घालणार कुठे? दोन हात आणि वर डोकं असल्यासारखं दिसणारं एकच ठिकाण होतं, गव्हर्नर. त्याच्या दोन्ही हातांना वेढे देऊन त्यांनी ती नीट घातली. यंत्र आज चालायचं नाहीच, मग भीती कसली. आरती झाली, नारळ अंगणात फोडला. लिंडनर काळं जाकीट घालून, हात मागे बांधून, बाजूला उभे होते.

मी शिऱ्याचं पातेलं घेऊन हॉलच्या दारात आले, आणि मला आवाज ऐकू आला.  मशीन चालू होतं. खंडेनवमीला, पूजेनंतर, मशीन चालू. पहिल्या क्षणी मला राग आला तो त्याचाच. दुसऱ्या क्षणी आवाज बदलला. आयुष्यभर हे आवाज ऐकलेल्या माणसाला बघावं लागत नाही. धक् धक् चाललेलं यंत्र एकदम घाई करायला लागलं, आणि ती घाई थांबेना.

आणि मग फुलं उडायला लागली. गव्हर्नरभोवतीच्या माळेच्या पाकळ्या सुटून सगळ्या हॉलभर पिवळ्या-केशरी उधळल्या जात होत्या. लोकांच्या डोक्यावर, खांद्यावर, मुलांच्या अंगावर. यंत्र आज चालायचं नव्हतं हे त्या पावसात लोक विसरले; सगळ्यांना वाटलं, लिंडनरांनी मुद्दाम ठेवलेला हा कार्यक्रमाचाच भाग. लोक टाळ्या वाजवत होते, फोन वर धरून चित्रीकरण करत होते. एक लहान मुलगी पाकळ्या झेलत फ्लायव्हीलच्या कठड्यापर्यंत गेली होती. मी ओरडले. टाळ्यांत कोणाला ऐकू आलं नाही. मी पातेलं टाकलं आणि धावले.

लिंडनर वाफेच्या मुख्य झडपेपासून दोन पावलं दूर होते. नेहमीप्रमाणे झडप उघडून, पुढचं काम गव्हर्नरवर सोपवून, ते पाहुण्यांकडे वळले होते, असं मला वाटलं. ते गर्रकन फिरले. झडपेचं चाक फ्लायव्हीलच्या अगदी अंगाशी आहे. म्हातारा माणूस त्या घोंघावणाऱ्या चाकाशेजारी उभा राहून दोन्ही हातांनी झडप मिटत होता, आणि त्याच्या काळ्या जाकिटावर झेंडूच्या पाकळ्या चिकटत होत्या. मी त्या मुलीला कमरेला धरून मागे ओढलं. चाकाचा वेग हळूहळू उतरला. मशीन थांबलं. लोक अजून टाळ्या वाजवत होते. मला वाटतं, तो टाळ्यांचा आवाज मी मरेपर्यंत विसरणार नाही.

गव्हर्नरच्या कडीत नायलॉनची दोरी फुलांसकट अशी आवळून बसली होती की सुरीनं कापावी लागली. श्रीकांतांनी ती हातात घेऊन बघितली.  कोणालाही साधं खरचटलं नव्हतं. अजून थोडा वेळ जाता तर काय झालं असतं, हे त्या हॉलमध्ये फक्त दोन माणसांना माहीत होतं, आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघत नव्हतो.

मी दुसऱ्या दिवशी आम्टला कळवलं. घरात यावरून वाद झाला. "अगं, कोणाला काही झालं नाही," श्रीकांत म्हणाले. "कशाला उगाच? त्या माणसाचं आयुष्य आहे ते. चूक माझी, त्यांना कशाला भोगायला लावतेस?"

"अहो, फ्लायव्हीलला कोणाची चूक ते कळत नाही," मी म्हटलं. "आणि तिथे लेकरं होती."  दोन दिवस आमच्यात बोलणं नव्हतं.

चौकशीची बैठक गिरणीतच ठेवली होती. आम्टकडून एक तरुण अधिकारी बाई आल्या होत्या, आणि निवृत्त असले तरी जाणकार म्हणून मला बोलावलं होतं. बैठकीआधी श्रीकांत आणि फेराइनचे अध्यक्ष यांनी आपापसांत बोलून ठेवलं होतं. चालकाच्या जागेवरून गव्हर्नर खांबाआड येतो. तेव्हा लिंडनरांना माळ दिसलीच नाही, माळ घातली श्रीकांतांनी, तीही कोणाला न सांगता. सगळा दोष मंडळाचा. लिंडनरांची परवानगी शाबूत. श्रीकांतांची त्याला आनंदानं तयारी होती. मलाही हे खोटं वाटलं नाही. पूजेच्या वेळी ते कुठे उभे होते हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं, आणि माझी तर खात्रीच होती की त्यांनी ती बघितली नसणार. दारात माझा स्कार्फ काढायला लावणारा माणूस, गव्हर्नरला माळ बघून वाफ सोडेल? छे, शक्यच नाही.

श्रीकांतांनी आपलं सांगितलं, खाली मान घालून. अध्यक्षांनी खांबाचं सांगितलं. अधिकारी बाईंनी समजूतदारपणे मान हलवली. त्यांनाही हे प्रकरण मिटवायचंच होतं, दिसतच होतं ते. मग त्या लिंडनरांकडे वळल्या, नुसतं विचारायचं म्हणून. "म्हणजे वाफ सोडताना तुम्हाला माळ दिसली नव्हती."

"दिसली होती," लिंडनर म्हणाले.

 अध्यक्ष काहीतरी बोलायला गेले, लिंडनरांनी हात वर केला.

"खांबाआडून दिसत नाही, हे खरं. पण मी पूजेच्या वेळी बाजूला उभा होतो. हेर योशी माळ घालत होते ते मी पाहिलं. वाफ सोडण्याआधी मी जवळ जाऊन पुन्हा पाहिली. हात लावून पाहिली. दोरी नायलॉनची आहे, हेही मला कळलं होतं."

"मग काढली का नाही?" अधिकारी बाईंनी विचारलं. "धार्मिक आहे म्हणून? पाहुण्यांचा अपमान होईल म्हणून?"

"नाही. ते सांगून सुटता आलं असतं मला."  त्यांचे हात टेबलावर होते, तेलानं कायमचे काळपट झालेले. "गिरणी चालू होती तेव्हा आम्ही सगळे तिला शिव्या द्यायचो. मध्येच थांबली तर लाथ मारायचो, मीसुद्धा. मग गिरणी बंद पडली आणि लोक तिला भंगार म्हणायला लागले. मग फोटो काढायला यायला लागले. तिच्यासाठी फुलं घेऊन कधी कोणी आलं नाही. मी पण नाही. मला एकदा तिला फुलं घातलेली असताना फिरताना बघायचं होतं. वाटलं, थोडंसं फिरू दे, मग थांबवतो आणि काढतो. मी तेवढं बघण्यासाठी झडप उघडली."

मी सुन्न झाले. इतकी वर्षं मी लोकांना वाफेची भीती घालत हिंडले. आळशी, बेफिकीर, कंजूष, सगळ्या तऱ्हेची माणसं पाहिली. ज्या एका माणसाच्या भीतीवर माझा पूर्ण भरवसा होता, त्यानं हे करावं आणि ते अशा कारणासाठी करावं, हे माझ्या डोक्यात शिरायलाच तयार नव्हतं. शेजारी श्रीकांत चक्क रडत होते. त्यांनी चष्मा काढून हातात धरला होता.

अधिकारी बाईंनी लिहायचं थांबवलं आणि माझ्याकडे बघितलं. "फ्राऊ योशी, यांच्यासाठी तुम्ही शब्द टाकला होता. पुन्हा टाकाल?"

त्या क्षणी माझ्या मनात किती काय येऊन गेलं ते मला सांगता येणार नाही. एवढं खरं की मला हो म्हणायचं होतं. मग कठड्यापाशी पाकळ्या झेलणारी ती मुलगी डोळ्यांसमोर आली.

"नाही," मी म्हटलं.

लिंडनरांनी माझ्याकडे बघितलं. "गेनाऊ, फ्राऊ योशी," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, त्याचंच मला जास्त लागलं. इंजिनघराच्या किल्ल्या त्यांनी खिशातून काढून अध्यक्षांसमोर ठेवल्या, टोपी उचलली आणि दाराकडे निघाले. जाता जाता श्रीकांतांपाशी थांबले.

"तुमच्या त्या दिवशी यंत्र चालवायचंच नसतं, असं परवा तुम्ही मला सांगितलंत. खरंच तसं आहे?"

श्रीकांतांनी मान हलवली.

"मग त्या दिवशी चालक लागत नाही," लिंडनर म्हणाले. "म्हणजे मला आत यायला हरकत नाही. पुढच्या वर्षी फुलं आणाल का?"

श्रीकांत हातातला चष्मा पुसत राहिले. शेवटी मीच हो म्हटलं.